वाचक विचारतात : गोव्याच्या पावसात आफ्रिकेचा माळ

जिराफ, झेब्रे, शहामृग, सिंह असे आफ्रिकेच्या गवताळ माळावरचे प्राणी एकाच देखाव्यात दाखवणाऱ्या प्राणिसंग्रहालयातल्या विभागाला सवाना-दालन म्हणतात. त्याबद्दल मागच्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. नावं गाळून गाव तेवढं ठेवलं आहे.

वास्तुकलेचा विद्यार्थी, पणजी : प्रबंधासाठी धारबांदोड्याकडे चार हेक्टरच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) सवाना-दालन आखतो आहे. जिराफ, झेब्रे, शहामृग, हरणांसारखे लहान कुरंग आणि पांढरे गेंडे एकत्र ठेवायचे आहेत. आराखडा कुठून सुरू करू? आमचे सर म्हणतात, प्रेक्षकांच्या वाटेपासून.

सरांचा मान राखून सांगतो, रात्रीच्या घरांपासून सुरू करा. प्रेक्षक येतात फार तर आठ तास. उरलेले सोळा तास प्राणी मागच्या बाजूला असतात आणि आषाढातल्या एखाद्या आठवड्यात तर दिवसचे दिवस तिथेच काढतात. पुढचा माळ देखणा आणि मागे कोंदट खोल्या, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी चूक. चार हेक्टरांतला दीड ते दोन हेक्टर सामाईक माळाला द्या. बाकीची जागा रात्रीची घरं, प्रत्येक जातीचं वेगळं छोटं आवार, चाऱ्याचं कोठार, ट्रकची वाट आणि शेवटी प्रेक्षक यांच्यात वाटून टाका.

जिराफाचा नर साडेपाच मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या घराचं छत आतून सहा मीटर तरी हवं आणि दार पाच मीटरच्या आत नको. पंख्याची पाती, दिव्याच्या तारा, तुळईचे उघडे बोल्ट अशा, माणसाच्या हाताला न लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्याच्या तोंडाला लागतात. झेब्र्याच्या प्रत्येक खोलीला दोन दारं ठेवा. एकच दार असेल तर दबलेला प्राणी कोपऱ्यात सापडतो आणि लाथा खातो. माळाच्या कुंपणालाही हाच नियम लागू आहे. काटकोनाहून अरुंद कोपरा कुठेच नको, बंद गल्ली नको. दगडांचा ढीग किंवा ओंडके मध्यभागी अशा रीतीने ठेवा की पाठलाग होणाऱ्याला त्यांना वळसा घालून सुटता येईल.

गेंडे मात्र यादीतून काढा. पांढरा गेंडा दोन टनांच्या घरात असतो, त्याला लोळायला चिखल लागतो आणि गोव्यात जून उजाडला की तो अख्ख्या माळाचं लोळण करून ठेवेल. त्याच मातीवर जिराफाचे पाय घसरतात. गेंडे हवेच असतील तर शेजारी वेगळं आवार द्या आणि मधली सीमा खंदकाने लपवा. प्रेक्षकाला ते एकत्रच दिसतील.

एकत्र नांदवण्यात खरा अडथळा झेब्र्याचा आहे. पट्टे बघून लोकांना तो गरीब वाटतो, पण झेब्र्याचा नर कुरंगाच्या नवजात पाडसाला चावून, तुडवून मारू शकतो. म्हणून लहान कुरंगांसाठी माळाच्या एका कडेला ‘सुटका-जागा’ करा. तिथे जाड लाकडी खांब उभे रोवायचे, मधली फट ३५ ते ४० सेंटिमीटर. पाडसं आणि माद्या त्यातून निसटतात, झेब्र्याची छाती अडकते. लांब आणि पसरट शिंगांची जात असेल तर ही फट शिंगांच्या मापाने तपासा, नाहीतर सुटकेची जागाच सापळा होईल. व्यायच्या बेतातली मादी आधीच वेगळ्या आवारात न्यायची. शहामृगाचा नर विणीच्या काळात माणसावरही धावून येतो आणि त्याची लाथ समोरच्या बाजूला पडते. त्याच्या आवारात कीपरने हातात फळी घेतल्याशिवाय जाऊ नये.

प्राणी आणल्यावर सगळे एकदम सोडायचे नाहीत. आधी शेजारशेजारच्या आवारांत जाळीआडून एकमेकांची ओळख होऊ द्यावी. मग प्रत्येक जातीला माळ एकटीने फिरायला द्यावा, सर्वांत भित्र्या जातीला सर्वांत आधी, म्हणजे पळायच्या वाटा तिला तोंडपाठ होतात. झेब्रा शेवटी. पहिले काही दिवस सकाळचे एक-दोन तासच. बारीक तारेची जाळी बुजलेल्या प्राण्याला दिसत नाही. पहिल्या दिवशी मान मोडण्याचे अपघात होतात ते यामुळेच. तेव्हा कुंपणावर आधी गोणपाट किंवा पाल्याच्या फांद्या बांधा आणि महिनाभराने थोड्या थोड्या काढा. घंटेच्या आवाजावर खाण्यासाठी घरात परतायची सवय तर माळ उघडण्याच्याही आधी लागलेली हवी. ती नसेल तर संध्याकाळी झेब्रे आत घेताना सगळ्या कर्मचाऱ्यांची दमछाक होते आणि प्राणी आणखी बिथरतात.

कुंपणाची उंची : झेब्र्याला १.८ मीटर, बाहेरच्या हद्दीला २.४ मीटर. आणि प्रबंधात एक ओळ जरूर लिहा. आपल्याकडे प्राणिसंग्रहालयाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे प्राधिकरण १९९२ पासून काम करतं. मान्यतेचा विचार न करता काढलेला आराखडा परीक्षकांना आवडेल, बांधता येणार नाही.

एक वाचक, सांगे : आमच्याकडे मिरगापासून चवथीपर्यंत उसंत नसते. आफ्रिकेचे प्राणी या पावसात टिकतील कसे? थंडी बाधत असेल ना?

थंडीची काळजी करू नका. युरोपातल्या जिराफघरांत हिवाळाभर हीटर चालतात. पणजीचा पारा जानेवारीच्या रात्रीही २० अंशांच्या आसपास असतो. वारा आणि पाऊस एकत्र आले की आडोसा हवा, तेवढ्यावर भागतं. गोव्यात प्राण्याला जे बाधतं ते पायाखालचं पाणी.

हिशेब करून बघा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक हेक्टर माळावर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि जुलैत असे दिवस नवलाचे नाहीत, तर ते पाणी दहा लाख लिटर झालं. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका दिवसात त्या माळावर ओतल्यासारखं. तासाला १०० मिलिमीटर या वेगाची सर धरली आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून जातं असं मानलं, तर त्या एका हेक्टरातून सेकंदाला सुमारे १६५ लिटर पाणी बाहेर पडायला हवं. १ टक्का उतारावर टाकलेला ३०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीट पाइप पूर्ण भरूनही सेकंदाला ९५ लिटरच्या आसपासच वाहतो. ४५० मिलिमीटरचा पाइप २८० लिटरपर्यंत जातो. आराखड्यात मात्र बहुतेक वेळा तीनशेचाच पाइप सापडतो, कारण बाकीच्या इमारतींना तो पुरतो.

पाइपाआधीही कामं आहेत. माळाच्या वरच्या अंगाला अडवणारा चर खणा, म्हणजे डोंगरउताराचं पाणी आत शिरणारच नाही. माळाला २ ते ३ टक्के उतार द्या आणि तो प्राण्यांच्या दारापासून दूर जाणारा असू द्या. जांभ्याचा वरचा थर सच्छिद्र असतो, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते आणि तिथे पाणी अडतं. खंदकासाठी खोल खणलं की हीच माती पावसात घसरून येते. तेव्हा खंदकाची जागा ठरवण्याआधी पाच-सहा ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या. एप्रिलमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये.

आता पायाखालचं. गवतावर सतत वावर असला तर पंधरा दिवसांत चिखल होतो. झेब्र्याच्या खुराचा मधला मऊ भाग त्यात सडतो, जिराफाचे खूर न झिजता पुढे वाढतात आणि सांध्यांवर ताण येतो. यावर उतारा म्हणून सरळ काँक्रीट ओतणारे आहेत. ओल्या गुळगुळीत काँक्रीटवर जिराफाचे पाय फाकले तर तो पुन्हा उभा राहीलच असं नाही. आणि फार खरबरीत ठेवलं तर खूर रक्त येईपर्यंत झिजतात. मधला मार्ग असा की घरालगत प्रत्येक जातीचं एक ‘पावसाळी अंगण’ करायचं. खाली २०० ते २५० मिलिमीटर दगडखडी दाबून, त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं, पाणी सोडणारं) कापड, त्यावर १०० मिलिमीटर मध्यम खडी, वर ७५ ते १०० मिलिमीटर बारीक कच. उतार २ टक्के. कापड टाळलं तर पैसे वाचतात, पण दुसऱ्या पावसाळ्यात खालची माती वर येते आणि खडी खाली जाते. अंगणातला एक पट्टा काँक्रीटचा ठेवून त्यावर गोठ्यात मारतात तशा खाचा मारा, म्हणजे खूर बेताने झिजतील. जमिनीवर चारा टाकू नका. कच आणि वाळू पोटात साचून झेब्र्याला पोटशूळ होतो.

माळाचे तीन भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन भाग बंद. प्रेक्षक कुरकुरतात, पण सप्टेंबरात गवत टिकलेलं असतं. हरळी लावा. ती आफ्रिकेतही उगवते, तुडवणं सोसते आणि कापली तरी फुटते. देखाव्यासाठी उंच आफ्रिकी गवतं मागवायचा मोह होतो, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यांचं बी वाऱ्यावर उडून आजूबाजूच्या सड्यावर जातं आणि तिथली पावसाळी फुलझाडं दडपून टाकतं.

दोन गोष्टी लोकांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली म्हणजे चारा. एक झेब्रा दिवसाला सहा-साडेसहा किलो सुकं गवत खातो. चार झेब्र्यांना १२० दिवसांचं तीन टनांच्या आसपास लागतं आणि पावसात सुकं गवत मिळत नाही. ते मे महिन्यातच कोठारात पडायला हवं. गठ्ठ्यांतली ओल १५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवी. गठ्ठे जमिनीपासून वीत-दीड वीत उंच फळ्यांवर, भिंतीला न टेकवता ठेवायचे. बुरशीचं गवत घोड्याच्या कुळाला यकृताचे आणि श्वासाचे विकार देतं. दुसरी म्हणजे डंख मारणाऱ्या गोमाश्या. सर्रा नावाचा रक्तातला आजार त्यांच्यामार्फत पसरतो आणि तो घोडे-उंटांसारखा झेब्र्यालाही होऊ शकतो. शेण रोज दोनदा उचलायचं, खताचा खड्डा घरांपासून लांब ठेवायचा आणि माशांचे सापळे जूनच्या आधी लावायचे. उंदरांचा बंदोबस्त वेगळा, कारण त्यांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो. तो गोव्यात कोणाला समजावून सांगायला नको.

एक वाचक, म्हापसा : परदेशातल्या चित्रफितींत सिंह आणि झेब्रे शेजारी दिसतात, मध्ये जाळी नसते. हे कसं साधतात? आपल्या चिऱ्यांनी तसा खंदक बांधता येईल का?

ही युक्ती जर्मनीतल्या कार्ल हागेनबेक यांची. त्यांनी १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन इथे त्यावर आधारलेली बाग उघडली. तत्त्व साधं आहे. अडसर डोळ्यांच्या रेषेखाली न्यायचा. पुढे अमेरिकेत सिएटलच्या वुडलँड पार्कमध्ये १९८० च्या सुमारास प्रेक्षकालाच त्या भूदृश्यात नेऊन उभं करायची पद्धत रुजली आणि आजची बरीच सवाना-दालनं तिच्या वळणावर आहेत.

कागदावर छेद, म्हणजे जागा उभी कापल्यासारखं बाजूने दिसणारं चित्र, काढल्याशिवाय मात्र हे जमत नाही. समजा प्रेक्षक काचेमागे उभा आहे आणि त्याच्यापुढे सिंहाचं आवार २० मीटर खोल आहे. त्याच्या टोकाला ९० सेंटिमीटर उंचीचा मातीचा उंचवटा करा, मग ८ मीटर रुंद खंदक, पलीकडे झेब्र्यांचा माळ. डोळ्यांची उंची १.५ मीटर धरली तर उंचवट्यावरून जाणारी नजर खंदकापलीकडे ०.६६ मीटरवर उतरते. पलीकडच्या भिंतीचा माथा याहून वर असेल तर भिंत दिसलीच. उंच माणूस, डोळे १.७ मीटरवर, त्याच्यासाठी हा आकडा ०.५८ होतो. म्हणून माथा अर्ध्या मीटरवर ठेवा. उंच माणसापासून भिंत लपवायची, आणि झेब्रा दाखवायचा तो लहान मुलाला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला. १.१ मीटरवरच्या डोळ्यांना, पलीकडचा माळ ३ टक्क्यांनी चढता ठेवला तर, झेब्र्याचे खूर भिंतीमागे ८ मीटरपासून पुढे दिसू लागतात. चाऱ्याची जागा त्याहून मागेच ठेवा. हा छेद एकदाच, सरासरी उंचीच्या माणसासाठी काढला की मग उद्घाटनाच्या दिवशी मुलं बापाच्या खांद्यावर चढलेली दिसतात.

खंदकाचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. सिंहाच्या बाजूला उतार असतो, म्हणजे झेप घ्यायला सपाट कड मिळत नाही आणि आत उतरलेला सिंह चालत वर येतो. पलीकडे उभी भिंत, सुमारे ५ मीटर. रुंदी साडेसात मीटरांहून कमी नको. या भिंतीच्या माथ्यावर झेब्रे चरत असतात, हे विसरू नका. बिथरलेला झेब्रा खाली पडू नये म्हणून कडेच्या दोन-तीन मीटर अलीकडे ओबडधोबड दगडांचा पट्टा आणि त्यात लपवलेली विजेची तार लागते. खुरांच्या प्राण्यांना मोठाल्या दगडांवर चालणं नकोसं वाटतं.

चिऱ्यांबद्दल : पाया, प्रेक्षकांकडचे कट्टे, मागची घरं यांना चिरा उत्तम. सिंहाच्या खंदकाची उघडी भिंत चिऱ्याची नको. चिऱ्याच्या छिद्रांत आणि सांध्यांत नखं रुतायला जागा मिळते आणि दहा-बारा पावसाळ्यांनी सांधे आणखी पोखरतात. तिथे आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) भिंत, गुळगुळीत पृष्ठभाग, आणि मातीचा दाब कमी करायला मागून पाणी निघायची भोकं. जांभ्याचा रंग हवा असेल तर रंग द्या, पोत देऊ नका.

आणि पुन्हा पाणी. कोरड्या खंदकात मीटरभर पाणी साचलं तर पाच मीटरांची भिंत चार मीटरांची झाली. सिंहाला पोहता येतं. म्हणून तळाला उतार, गाळाचा खड्डा, पंप आणि वीज गेली तर चालणारा दुसरा पंप. पाणी जाण्याच्या तोंडाला सळ्यांची जाळी हवीच, नाहीतर छाव्याला बाहेर जायला आणि मुंगसाला आत यायला आयती वाट. मे संपायच्या आत खंदकावर झुकलेल्या फांद्या कापा. वादळात आडवं पडलेलं झाड म्हणजे सिंहासाठी साकव.

सिंहाचं आवार किती मोठं हवं, असंही याच पत्रात विचारलं आहे. आपल्या नियमांत एका जोडीला बाहेरचं आवार किमान १००० चौरस मीटर आहे. तो किमान आकडा आहे, पण निविदांमध्ये तो कमाल होऊन बसतो. वाऱ्याचाही विचार करा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा सिंह पूर्वेला ठेवले तर झेब्र्यांच्या नाकात सतत सिंहाचा वास जात नाही. शिवाय सिंहाच्या नजरेआड जाता येईल अशी एक तरी जागा झेब्र्यांना ठेवा.

एक बागायतदार, वाळपई : आमच्या विजेच्या कुंपणाला पावसात झटका राहत नाही. प्राणिसंग्रहालयात ते कसं चालवतात?

रोगाची कारणं दोन आणि ती वर्षाच्या दोन टोकांना येतात. पावसात गवत-वेली तारेला टेकतात आणि वीज थेंबाथेंबाने जमिनीत गळते. एप्रिल-मेमध्ये जांभा इतका कोरडा होतो की अर्थिंगच (विजेला जमिनीतून परतायची वाट) लागत नाही, मीटर भरपूर व्होल्ट दाखवतो आणि प्राण्याला जेमतेम गुदगुली होते. म्हणून किमान तीन अर्थिंग सळ्या, प्रत्येकी दोन मीटर लांब, एकमेकींपासून तीन मीटरवर ठोका आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओता. तारेखालचा अर्धा मीटर पट्टा खडीचा ठेवा, गवत उगवणारच नाही. रोज सकाळी सर्वांत लांबच्या टोकाला मीटर लावायचा. ५००० व्होल्टच्या वर समाधान, ३००० च्या खाली गेला तर आधी दोष शोधायचा आणि मगच प्राणी सोडायचे. प्राणिसंग्रहालयात ही तार कधीच एकमेव अडसर नसते. ती झाडं वाचवायला, कड दाखवायला असते. ऑक्टोबरच्या गडगडाटात वीजरोधक नसलेली यंत्रं जळतात, तो खर्च आधीच धरा.

कलाशिक्षक, वास्को : आफ्रिकेतले खडक आणि वारुळं खोटी कशी बनवतात? आमची मुलं दिवाळीला नरकासुर उत्तम करतात, त्यांना हे जमेल का?

सांगाड्याचा भाग नक्की जमेल. शिगम्याचे चित्ररथ उभारणारे हात आणि खडक उभारणारे हात यांत फार फरक नसतो. फरक सामानात आहे. ८ मिलिमीटरच्या सळ्या १५०-२०० मिलिमीटरवर बांधून आकार काढायचा, त्यावर वेल्ड जाळी, मग कोंबडीजाळीचे दोन थर तारेने घट्ट आवळायचे. एक भाग सिमेंट, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ ते ०.४५ पट. जाडी ४० ते ५० मिलिमीटर. गिलावा अर्धवट घट्ट झाल्यावर, दोन-चार तासांत, भेगा आणि थर कोरायचे. नंतर ओलं गोणपाट किमान सात दिवस. वास्कोसारख्या खाऱ्या हवेत सळीवर पुरेसं सिमेंट नसेल तर गंज फुगतो आणि खडकाचे पापुद्रे सुटतात. समुद्राची किंवा खाडीची वाळू चुकूनही नको.

रंग पातळ, तीन-चार हातांत, खनिज रंगांचा. पण फार जीव लावू नका, दोन पावसाळ्यांत शेवाळ आपला रंग चढवतं आणि तोच जास्त खरा दिसतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटी माळावरचे खडक ग्रॅनाइटचे, करडे आणि गोलसर असतात. जांभ्यासारखे खडबडीत कोपरे काढले की फसगत उघडी पडते. पोकळ खडकात उंदीर शिरतात आणि त्यांच्यामागून साप. तेव्हा मागून माणूस आत जाईल एवढं दार ठेवाच.

वारुळाचा आकार गोमंतकीयाला शिकवायला नको, सातेरी देवीच्या रूपात आपण ते पुजतो. आफ्रिकेतली वारुळं माणसाहून उंच होतात. दालनात त्यांचा उपयोग देखाव्यापेक्षा जास्त आहे. आत ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बसवून मागच्या झाकणातून खाणं सोडता येतं, आणि झेब्रे त्यावर अंग घासतात. झेब्रा घासणार हे गृहीत धरून पाया काँक्रीटमध्ये रोवा.

गृहिणी, फोंडा : छत्रीसारखी आफ्रिकी झाडं गोव्यात लावता येतील का? खाणपट्ट्यात आकेशिया आहे, तो तोच ना?

तो तो नव्हे. आपल्या खाणींवर आणि सड्यांवर लावलेला आकेशिया ऑस्ट्रेलियाचा. आफ्रिकी बाभळी पूर्वी त्याच कुळनावाखाली होत्या, आता वनस्पतिशास्त्राने त्यांची नावं वेगळी केली आहेत. छत्रीच्या आकाराची खरी आफ्रिकी बाभूळ राजस्थानात ‘इस्रायली बाभूळ’ म्हणून लावतात, पण ती रुक्ष प्रदेशातली आहे, आपला पाऊस तिला मानवायचा नाही. नुसता आकार हवा तर खैर किंवा शिरीष छाटून सपाट माथ्याचे करता येतात. गुलमोहराचा आकार जवळ जातो, पण फांद्या ठिसूळ आहेत, प्राण्यांच्या डोक्यावर नको. दालनाच्या जवळपासही लावू नयेत ती दोन : कण्हेर आणि घाणेरी. कण्हेरीची थोडी पानंही मोठ्या जनावराचा जीव घेतात आणि रस्त्याच्या दुभाजकांवर ती सर्रास असते, तिथली छाटणी चाऱ्यात मिसळून येऊ शकते.

शेतकरी, काणकोण : हंगामात काजूचे बोंडू वाया जातात. प्राण्यांना देता येतील? फणसाचा पाला?

फणसाचा पाला आपण शेळ्यांना घालतोच. वड, पिंपळ, उंबर, बाभूळ यांच्या जोडीने तोही पाला खाणाऱ्यांना चालतो. फवारणी केलेली नसावी आणि फांद्या तोडल्यावर त्याच दिवशी पोचाव्यात. बोंडू मात्र नको. त्यातल्या साखरेने रवंथ करणाऱ्यांच्या पोटात आम्ल वाढतं, पाठोपाठ खुरांचे आजार. ढिगाने दिलेले बोंडू तर आंबलेलेच असतात. त्यांचं हुर्राक (काजूची दारू) झालेलं बरं. सुबाभूळही बेताने द्या. तिच्यातला मिमोसिन झेब्र्याला बाधतो, केस गळतात.

एक वाचक, साखळी : मध्य प्रदेशातल्या कुनोत चित्ते आणले. मग सड्यावर आफ्रिका उभी करण्यापेक्षा आपलाच माळ दाखवावा, असं वाटत नाही?

वाटतं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते आले तेव्हा भारतातही सवाना आहे हे बऱ्याच जणांना प्रथम कळलं. नगरकडचं रेहेकुरी, सोलापूरकडचं नान्नज हे तसलेच माळ. काळवीट, लांडगा, चिंकारा हा देखावा झेब्रा-जिराफाइतकाच उभा राहतो आणि परदेशातून प्राणी आणायची यातायात टळते. पण काळवीटही कोरड्या माळाचंच. सांग्याच्या वाचकाला वर दिलेलं चिखलाचं सगळं उत्तर त्यालाही लागू पडतं. गोव्याच्या पावसाला मुळात सोसणारं जनावर हवं असेल तर ते आपल्या राज्याचं प्राणिचिन्ह आहे, गवा. त्याच्या दालनात माट्टीची, म्हणजे आपल्या राज्यवृक्षाची, झाडं लावली की कोणाला आफ्रिकेची आठवण येणार नाही.

शिक्षिका, मडगाव : मुलांना सहलीला नेलं की सिंह झोपलेलाच. मुलं ओरडतात, काचेवर थापा मारतात. यावर उपाय?

सिंह दिवसातले वीस तासही पडून राहतो, तो आजारी नसतो. मात्र तो कुठे झोपतो ते आखणीवर ठरतं. काचेलगत सावलीचा, वाऱ्याचा, किंचित उंच ओटा असेल आणि त्याखालून गार पाण्याची नळी फिरवली असेल तर उन्हाळ्यात तो तिथेच येऊन पडतो. तोच ओटा मागे ठेवला तर सहलीला शेपटीचा गोंडा दिसतो. खाण्याच्या वेळा बदलत्या ठेवल्या की सिंह दाराशी फेऱ्या मारत बसत नाही. मुलांना सकाळी दार उघडताच न्या. काचेच्या अलीकडे मीटर-दीड मीटरवर कठडा आणि मध्ये झुडपं असली तर हात काचेपर्यंत पोचत नाहीत.

पाचवीतला वाचक, डिचोली : जिराफाला वाकायला त्रास होतो तर पाणी वर का ठेवत नाहीत? आणि तो कुंपण का चाटतो?

तुझा पहिला प्रश्न आम्हाला आवडला. काही ठिकाणी पाणी वर ठेवतातही. पण जिराफ पुढचे पाय फाकवून खाली वाकतो, ती त्याची रीतच आहे, आणि अधूनमधून वाकलेलं चांगलं. फक्त त्या जागी जमीन निसरडी नको. त्याच्या मानेत मणके सातच असतात, तुझ्या मानेत आहेत तेवढेच. एकेक मणका मात्र लांबलचक. कुंपण चाटतो कारण जीभ रिकामी असते. रानात तो दिवसाचे बरेच तास काट्यांमधून एकेक पान वेचतो. प्राणिसंग्रहालयात कापलेला चारा दिला की तासाभरात संपतो आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब जिभेला काम उरत नाही. म्हणून चारा भोकं पाडलेल्या पिंपात भरून टांगतात, जीभ घालून थोडा थोडा ओढावा लागतो. पाल्याच्या फांद्या दोरी-कप्पीने चार-पाच मीटरवर चढवतात. तुमच्या शाळेला वरचा मजला असेल तर त्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून बघ, साधारण तिथे त्याचं तोंड येईल.